जंजिरा : नाव कोणी ठेवले, अर्थ कोणी दिला?

कतारमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या कानांवर 'जझीरा' हा शब्द नेहमी पडतो. दोह्यातून १ नोव्हेंबर १९९६ रोजी सुरू झालेल्या 'अल जझीरा' वृत्तवाहिनीमुळे तो जगाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. मराठी मुलुखात मात्र तो त्याच्या कितीतरी शतके आधी समुद्रमार्गे येऊन स्थिरावला होता. रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळ, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी उभा असलेला जलदुर्ग 'जंजिरा' म्हणजे हाच शब्द होय. आपली मुले शाळेत अरबीच्या तासाला जो शब्द गिरवतात, तो त्यांच्या आजोळच्या कोकणातील एका किल्ल्याचे नाव आहे, ही गोष्ट त्यांना सांगण्यासारखी आहे. तथापि ती सांगताना केवळ शब्दाच्या साम्याचे कौतुक करून थांबणे पुरेसे नाही. समुद्रावर सत्ता गाजवणाऱ्या ठाण्यांची नावे कोणी ठेवली, कोणाच्या भाषेत ठेवली आणि त्या नावांत कोणाचे श्रम दडून राहिले, हे प्रश्न त्या शब्दाच्या पाठोपाठ येतात. या लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

शब्दाचा उगम आणि प्रवास

अरबी भाषेत 'जझीरा' म्हणजे बेट. ज्या धातूपासून हा शब्द बनला, त्याच धातूपासून 'जझ्र' हा ओहोटीचा वाचक शब्दही बनला आहे. भरती-ओहोटीला अरबीत 'मद्द व जझ्र' असे म्हणतात. तोडणे, वेगळे करणे हा भाव त्या धातूत आहे. मुख्य भूमीपासून पाण्याने तोडलेली जमीन ती जझीरा. द्वीपकल्पाला अरबीत 'शिब्ह जझीरा', म्हणजे जवळजवळ बेट, असे म्हणतात. आणि संपूर्ण अरबस्तानाचा उल्लेख 'अल-जझीरा अल-अरबिया' असा केला जातो. आपण राहतो ती कतारची भूमीही तीन बाजूंनी समुद्राने वेढलेली असल्याने याच वर्णनात बसते. उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया या देशाचे नावही 'अल-जझाइर', अर्थात 'बेटे', या अनेकवचनातून आले आहे. अल्जीयर्स शहरासमोर पूर्वी असलेल्या लहान बेटांवरून ते पडले.

मोसमी वाऱ्यांच्या आधाराने अरबी समुद्रातून ये-जा करणाऱ्या खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी, तसेच दख्खनच्या सुलतानांच्या फारसी दफ्तराने हा शब्द कोकणात रुजविला. मराठी उच्चारात त्यावर अनुस्वार चढला आणि 'जझीरा'चे 'जंजिरा' झाले. पुढे हा शब्द मराठीत इतका मुरला की तो एका किल्ल्यापुरता मर्यादित राहिला नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'जंजिरे सुवर्णदुर्ग', 'जंजिरे विजयदुर्ग' असे उल्लेख आढळतात. तेथे 'जंजिरे' म्हणजे केवळ बेट नव्हे, तर समुद्रावरील लष्करी ठाणे. ज्या सिद्दींशी मराठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली, त्यांच्या ठाण्याचे नाव मराठ्यांनी आपल्या जलदुर्गांना सामान्यनाम म्हणून लावले. शत्रुत्वाने शब्दांची देवघेव थांबत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'जंजिरा' आणि 'जंजीर' हे शब्द ऐकावयास सारखे असल्याने किल्ल्याच्या नावाचा संबंध साखळीशी जोडला जातो. जंजीर हा फारसी शब्द वेगळा आणि जझीरा हा अरबी शब्द वेगळा. किल्ल्याच्या नावात साखळी नाही. तेथील माणसांच्या इतिहासात मात्र ती आहे, आणि त्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

दगडाआधी लाकूड, सिद्दींआधी कोळी

आज दिसणाऱ्या दगडी तटबंदीच्या आधी या खडकावर लाकडी मेढ्यांचा कोट होता. मेढे म्हणजे जमिनीत रोवलेले मोठे लाकडी खांब. म्हणून त्याला 'मेढेकोट' म्हणत. समुद्रातून येणाऱ्या लुटारूंपासून रक्षण व्हावे यासाठी राजपुरीच्या कोळ्यांनी तो उभारला होता. त्यांचा प्रमुख राम पाटील हा अहमदनगरच्या निजामशाहीच्या अधिकाऱ्यांना जुमानीत नव्हता. तेव्हा पिरमखान नावाचा सरदार व्यापारी बनून आला, कोळ्यांना मद्य पाजून त्याने बेसावध केले आणि गलबतात लपविलेले सैनिक बाहेर काढून ठाणे घेतले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. हा काळ पंधराव्या शतकाच्या अखेरीचा. सोळाव्या शतकात लाकडी कोटाच्या जागी दगडी दुर्ग उभा राहिला.

या बदलात नावाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मेढेकोट हे नाव बांधणाऱ्यांच्या कामातून आले होते. मेढे रोवणारे हात त्या नावात दिसत होते. लाकूड गेले आणि त्याबरोबर ते नावही गेले. दगडी किल्ल्याला 'जंजिरे मेहरूब' असे भारदस्त नाव मिळाले. परंतु लोकांच्या तोंडी राहिले ते त्यातील पहिले पद, साधे 'जंजिरा', म्हणजे 'बेट'. कोणत्याही राजाचे नाव नाही, विजयाची घोषणा नाही, देवतेचा उल्लेख नाही. निजामशाही गेली, आदिलशाही गेली, १६७० च्या सुमारास सिद्दी मोगलांच्या आरमाराचे अधिकारी झाले, पुढे इंग्रजांच्या छायेखाली जंजिरा संस्थान राहिले आणि १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. मालक बदलत गेले. नाव मात्र खलाशांचे राहिले.

राजाच्या मुकुटाचे शहर

या साध्या नावाचे वेगळेपण कळण्यासाठी त्याच शतकातील एक दूरचे उदाहरण घेऊ. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर कार्ल्सक्रोना नावाचे शहर आहे. १६८० मध्ये राजा अकरावा कार्ल याने ते केवळ आरमारासाठी वसविले. 'कार्ल्स' म्हणजे कार्लचा आणि 'क्रोना' म्हणजे मुकुट. शहराचा अर्थ 'कार्लचा मुकुट'. त्या देशात 'लांडस्क्रोना', म्हणजे 'भूमीचा मुकुट', हे नाव आधीपासून होतेच. नव्या नावात भूमीच्या जागी राजा आला. हा ब्लेकिंगे प्रांत १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता. नुकत्याच जिंकलेल्या प्रदेशात आपले आरमार उभे करून त्यावर राजाचे नाव कोरणे, हा सत्तेचा उघड संदेश होता. डेन्मार्कच्या राजानेही त्याच किनाऱ्यावर आपल्या काळी तेच केले होते. तेथील क्रिस्तियानोपेल हे नाव डॅनिश राजा ख्रिश्चन याचे. राज्ये एकमेकांची वैरी होती, पण नावे ठेवण्याची रीत एकच होती.

मुकुटाच्या या शहराखालीही एक जुने नाव होते. शहराचा मध्यभाग ज्या बेटावर वसला त्याचे नाव ट्रॉस्यो. ते व्हिटस अँडरसन नावाच्या शेतकऱ्याच्या मालकीचे होते. त्याने बेट विकण्यास नकार दिला, तेव्हा त्याला तुरुंगात टाकण्यात आले आणि त्यानंतरच विक्रीचा व्यवहार झाला, असे त्या शहराचा इतिहास सांगतो. नव्या शहराला वस्ती मिळावी म्हणून जवळच्या रोनेबी गावाचे नगराचे हक्क काढून घेण्यात आले आणि तेथील रहिवाशांना कार्ल्सक्रोनाला जाण्याचा हुकूम झाला. तेथे गोदी उभी राहिली. दोरखंड वळण्यासाठी सुमारे तीनशे मीटर लांबीची लाकडी इमारत बांधली गेली. गोदीतील कामगार ब्यर्कहोल्मेन नावाच्या भागात राहत. तेथील गल्ल्यांना नावे देण्यात आली ती जहाजांच्या प्रकारांची आणि नौदलप्रमुखांची. घरे कामगारांची आणि पाट्या सेनापतींच्या, असा तो प्रकार आहे. १९९८ मध्ये युनेस्कोने या नौदल नगरीला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

तरीही त्या शहराची जी ओळख लोकांनी जपली, ती राजाची नव्हे. तेथील आरमाराच्या लाकडी चर्चबाहेर एका वृद्ध भिकाऱ्याचा लाकडी पुतळा आहे. त्याची टोपी उचलून आत नाणे टाकावयाचे, ते गरिबांसाठी. त्याचे नाव रोसेनबूम. तो गोदीतील कामगार होता, आजाराने काम सुटल्यावर भीक मागू लागला आणि ऐन हिवाळ्यात गोठून मरण पावला, अशी आख्यायिका आहे. साहित्याचे नोबेल मिळविणारी पहिली स्त्री, सेल्मा लागरलॉफ, हिने आपल्या निल्स होल्गर्सन या मुलाच्या कथेत या दोघांना समोरासमोर आणले आहे. तेथे राजाचा ब्राँझचा पुतळा मुलाचा पाठलाग करतो आणि लाकडी रोसेनबूम त्याला आपल्या टोपीखाली लपवितो. शहराच्या नावात मुकुट आहे. त्या शहराच्या लोककथेत मात्र आश्रय देते ती गरिबाची टोपी.

मराठी जलदुर्गांची नावे

स्वीडनच्या राजाने ट्रॉस्यो बेट ताब्यात घेतले ते १६७९ साल. त्याच वर्षी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली दुर्ग बांधण्यास आरंभ केला, आणि मुंबईचे इंग्रज व जंजिऱ्याचे सिद्दी त्यांच्यावर चालून आले. दोन टोकांच्या दोन समुद्रांत एकाच वेळी राज्ये आरमाराची ठाणी उभारीत होती. जंजिऱ्यासमोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला गेला, मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ पासून सिंधुदुर्ग उभा राहिला, आणि घेरिया हे विजयदुर्ग झाले. कमळ, सागर, विजय, सुवर्ण हे शब्द राज्यकर्त्यांच्या दरबाराची दृष्टी सांगतात. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला होता. त्याच धोरणाशी ही नावे सुसंगत आहेत. परंतु कासा, कुरटे, घेरिया या जुन्या नावांत तेथील कोळी, गाबित, भंडारी आणि भोई यांचा शेजार होता. त्यांच्याच वल्ह्यांवर आरमार चालत होते.

या संदर्भात लाय पाटील या कोळी वीराची कथा नावांच्या दृष्टीने फार बोलकी आहे. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे जोखमीचे काम त्याने केले. परंतु ठरलेली कुमक वेळेवर आली नाही आणि पहाट होण्यापूर्वी त्याला परतावे लागले. त्याच्या धैर्याबद्दल शिवाजी महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. पालखी ही जमिनीवर मिरवणाऱ्यांची. समुद्रावर जगणाऱ्या कोळ्याला तिचा काय उपयोग, म्हणून त्याने ती नम्रपणे नाकारली. तेव्हा एक गलबत बांधवून त्याला दिले गेले आणि त्या गलबताचे नाव 'पालखी' ठेवले गेले, असे परंपरा सांगते. मान कोणत्या रूपात स्वीकारावयाचा हे येथे मान घेणाऱ्याने ठरविले. इतिहासात हे क्वचित घडते, म्हणूनच ही कथा टिकली असावी.

माणसांची नावे : रत्ने, अत्तरे आणि गुलामगिरी

किल्ल्याच्या नावानंतर तेथील माणसांच्या नावांकडे पाहू. 'सिद्दी' हा शब्द अरबी 'सय्यिदी', म्हणजे 'माझे स्वामी', यावरून आला असे मानले जाते. ज्या समाजातील असंख्य माणसे पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणली गेली, त्याच समाजाचे नाव 'स्वामी' असावे, हा इतिहासाचा विलक्षण योग आहे. 'हबशी' हा त्यांच्यासाठी वापरला जाणारा दुसरा शब्द 'हबश', म्हणजे अबिसिनिया किंवा आजचा इथिओपिया, या देशनामावरून आला. मूळचा तो केवळ देशवाचक शब्द. आपल्या मराठी बोलीत मात्र रंगावरून हिणवण्यासाठी त्याचा वापर झाला आणि अजूनही होतो. ज्यांच्या पूर्वजांना शब्दांनी कमी लेखले गेले, त्यांनी तरी हा शब्द आपल्या घरात त्या अर्थाने उच्चारू नये. येथे कतारमध्ये आपल्याबरोबर काम करणारे कित्येक सहकारी आफ्रिकी देशांतून आलेले आहेत; त्यांच्या संदर्भात तर नाहीच नाही.

जंजिऱ्याच्या आणि दख्खनच्या इतिहासात गाजलेली सिद्दी नावे पाहा : अंबर, याकूत, संबूल. अंबर हे सुगंधी द्रव्य, याकूत म्हणजे माणिक, सुंबुल ही सुवासिक वनस्पती. ही नावे कानाला गोड लागतात. परंतु त्या काळच्या मुस्लिम जगतात रत्नांची आणि सुगंधांची नावे गुलामांना देण्याची रूढी होती. मौल्यवान वस्तूंची ती नावे होती, कारण माणूसही मालकाच्या दृष्टीने एक मौल्यवान वस्तूच होता. निजामशाहीचा थोर वजीर मलिक अंबर याचे इथिओपियातील मूळ नाव चापू होते. बाजारांतून त्याची विक्री होत गेली आणि एका मालकाने त्याला 'अंबर' हे नाव दिले. पुढे याच अंबरने दख्खनची जमीनमहसुलाची व्यवस्था लावली, गनिमी काव्याने मोगलांना रोखले आणि १६१० मध्ये खडकी हे शहर वसविले. नाव मालकाने दिले होते. त्याचा अर्थ त्याने स्वतः घडविला.

सिद्दींचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. काही काळ जंजिऱ्याचा प्रमुख केवळ वारसाने नव्हे, तर सरदारांच्या संमतीने निवडला जाई, ही लक्षणीय गोष्ट होय. परंतु सत्ता हाती आल्यावर त्यांनीही किनाऱ्यावरील गावांवर छापे घातले, माणसे पकडून नेली. गुलामगिरीचा अनुभव घेतलेले सर्वच लोक तिचे शत्रू होत नाहीत. व्यवस्था तशीच ठेवून केवळ तिच्यातील आपली जागा बदलणे म्हणजे मुक्ती नव्हे, हा धडा जंजिऱ्याच्या तटाआड लिहिलेला आहे.

या इतिहासाचे दुसरे टोक आपल्या राहत्या शहरात आहे. दोह्याच्या मशरेब भागात 'बिन जल्मूद हाऊस' नावाचे संग्रहालय २०१५ पासून लोकांसाठी खुले आहे. ही वास्तू पूर्वी एका गुलाम व्यापाऱ्याचे घर होती. हिंद महासागरातील गुलामांच्या व्यापाराचा, तसेच पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या आणि आखातात मोती काढण्यास जुंपलेल्या माणसांचा इतिहास तेथे मांडला आहे. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ मध्ये संपुष्टात आणली गेली. हे काही फार जुने वर्ष नव्हे; भारताची राज्यघटना अमलात येऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. ज्या सागरी वाटांनी काहींना मोत्यांच्या बुडीसाठी या किनाऱ्यावर उतरविले, त्याच वाटांच्या जाळ्यातून काही जण कोकणच्या किनाऱ्यावर पोहोचले. येथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि १९६६ पर्यंत येथे रुपया चलनात होता. म्हणून जंजिऱ्याचा इतिहास आणि या आखाताचा इतिहास अगदी परके नाहीत. ते एकाच समुद्राचे आहेत.

नाव ही आज्ञा असते

मालकाने गुलामाचे नाव ठेवावे, ही रीत अरबस्तानातली म्हणून आपण बाजूला सारू शकत नाही. आपल्याकडे ती धर्मशास्त्रात लिहून ठेवली होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एकतिसावा श्लोक वर्णानुसार नावे कशी असावीत हे सांगतो : ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक. मूल जन्मताच त्याची पायरी त्याच्या नावात बांधून टाकण्याची ही योजना होती. धोंड्या, कचऱ्या यांसारखी नावे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत का होती, याचे एक उत्तर मूल जगावे म्हणून नकोसे नाव ठेवण्याच्या लोकसमजुतीत आहे. परंतु उतरंडीच्या तळाला तीच नावे साचून राहिली, याचे उत्तर या व्यवस्थेत आहे.

त्या व्यवस्थेच्या ग्रंथाला अग्नी देण्यासाठी निघालेली वाट याच किनाऱ्यावरून गेली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात नसते. महाडचा सत्याग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चवदार तळे येते, समुद्र येत नाही. परंतु डिसेंबर १९२७ मधील परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून समुद्रमार्गे निघाले होते. रस्त्याने जाताना मोटारवाल्यांच्या बहिष्काराची धास्ती होती. २४ डिसेंबर रोजी ते 'पद्मावती' बोटीने प्रतिनिधींसह निघाले, हरिहरेश्वरला आले, तेथून सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदरी उतरले आणि २५ डिसेंबरला मिरवणुकीने पायी महाडला पोहोचले. नकाशावर मुंबईपासून हरिहरेश्वरापर्यंत बोट ओढली तर कुलाब्याचा किल्ला, मग मुरूडचा किनारा, पद्मदुर्ग आणि जंजिरा ही सारी आरमारी ठाणी त्या वाटेवर येतात. मानवी हक्कांसाठी निघालेली ती बोट या सर्व सत्तांच्या जुन्या तटांसमोरून गेली. परिषदेसाठी महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच जमिनीवर २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

ज्या खाडीतून ते आत गेले तिच्या मुखाशी बाणकोट आहे, आणि त्याच्या नावांचा इतिहासही याच सूत्रात ओवता येतो. आंग्र्यांच्या काळी त्याला 'हिंमतगड' हे नाव होते. १७५५-५६ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' म्हटले. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा, म्हणजे हे नाव राणीचे नव्हे; ते 'विजय' या अर्थाचे. हिंमत आणि विजय ही दोन्ही नावे आज दफ्तरात आहेत आणि लोकांच्या तोंडी आहे ते बाणकोट. याच बाणकोटच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे हे गाव आहे. त्या गावावरून आंबडवेकर आणि त्यातून आंबेडकर हे आडनाव घडले. ना राजाचा मुकुट, ना विजयाची घोषणा. कोकणातल्या एका लहान गावाचे नाव. आज ते जगातील विद्यापीठांत, ग्रंथालयांत आणि न्यायालयांत उच्चारले जाते. नावाला मोठेपण त्यातील शब्दाने येत नाही, ते वाहणाऱ्या माणसाच्या कार्याने येते, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही.

नावासाठी झगडा करण्याचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे यासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लोक लढले, घरे जळाली, माणसे मारली गेली. हे विद्यापीठ ज्या शहरात आहे, ते मलिक अंबरने वसविलेले खडकी होय. त्या शहराची नावे त्यानंतर सत्तेबरोबर वारंवार बदलली. विद्यापीठाचे नाव मात्र वरून आलेल्या फर्मानाने नव्हे, तर खालून आलेल्या रेट्याने बदलले. हा फरक महत्त्वाचा आहे.

नाव वाचावे कसे?

आमच्या संगणकाच्या व्यवसायात एक अनुभव नेहमी येतो. प्रणालीतील एखाद्या घटकाला पहिल्या माणसाने जे नाव दिले असेल, ते पुढची वीस वर्षे सर्वजण मुकाट्याने वापरतात आणि त्या नावामुळे तो घटक खरोखर काय काम करतो, हे दिसेनासे होते. शहरांचे आणि किल्ल्यांचे तसेच आहे. म्हणून एखादे नाव समोर आले की तीन प्रश्न विचारावेत : हे नाव कोणी ठेवले? त्याआधी तेथे कोणते नाव होते? आणि ज्यांनी हे बांधले, राखले, चालविले, त्यांची खूण त्या नावात आहे काय?

कार्ल्सक्रोनाला हे प्रश्न विचारले तर राजा, ट्रॉस्यो आणि रोसेनबूम ही उत्तरे मिळतात. सिंधुदुर्गाला विचारले तर छत्रपती, कुरटे बेट आणि कोकणचे दर्यावर्दी. जंजिऱ्याला विचारले तर मेढे रोवणारे कोळी, 'बेट' म्हणणारे खलाशी आणि मालकांनी रत्नांची नावे दिलेली, पण स्वतःच्या कर्तृत्वाने इतिहासात उभी राहिलेली आफ्रिकी माणसे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग आहेत. यंदा सुट्टीत गावी गेल्यावर पुष्कळ कुटुंबे मुलांना हे किल्ले दाखवतील. त्यावेळी राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्यालाही जावे, आणि महाडला जाताना दासगावच्या खाडीकाठी थोडे थांबावे.

आणि ते जाणे होईपर्यंत, येत्या शुक्रवारी मशरेबमधील ते गुलामगिरीचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. 'दोहा' या नावाचा अर्थ वळणदार खाडी किंवा मोठा डेरेदार वृक्ष असा सांगतात. म्हणजे हेही शहर आपले नाव एखाद्या राजाकडून नव्हे, तर किनाऱ्याच्या किंवा झाडाच्या रूपावरून घेऊन उभे आहे. ज्या शहरात आपण राबतो, त्याच्या नावाचा अर्थ मुलांना ठाऊक असावा. त्याबरोबरच, नावात न दिसणाऱ्या हातांचा शोध घेण्याची सवयही त्यांना लागावी. ती सवय हा बाबासाहेबांच्या इतिहासदृष्टीचा वारसा आहे, आणि तो कोणत्याही देशात सोबत नेता येतो.

जय भीम!